आधी हवा, मग वास

हे सगळं घडलं ते २०४१ साली. त्या वर्षी रत्नागिरीत पाळीव कुत्र्यांची संख्या शाळेत जाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त भरली, अशी बातमी आली होती, आणि लोकांना त्याचं फारसं नवलही वाटलं नाही. ज्यांनी जुने दिवस पाहिले होते त्यांना आठवत होतं, की एके काळी कुत्रा दारात असायचा, घरात नव्हे. उरलेली भाकरी, माशाचं डोकं, भाताचं खरपुडं एवढ्यावर तो आयुष्य काढायचा आणि त्याचा वाढदिवस कुणी करत नसे. आता त्याला डॉक्टर होता, विमा होता, आणि त्याच्या जेवणाची बरणी उघडण्यापूर्वी मालक तिच्यावरचा मजकूर औषधाच्या बाटलीसारखा वाचत.

अशा बरण्या मिरजोळे एमआयडीसीतल्या मयेकरांच्या कारखान्यात भरल्या जात. माशाचं शिजवलेलं खाद्य, काचेची बरणी, वर झाकण, झाकणाखाली सील, पोटावर लेबल. कारखाना दोन भावांनी काढला होता. थोरला सदानंद आतलं काम बघायचा, धाकटा दिगंबर मिरकरवाड्याच्या जेटीवरून मासळी आणायचा. सदानंदची बायको वैजयंती पहिल्या दिवसापासून बरण्या बंद करायला बसली होती. सुरुवातीला पत्र्याच्या शेडमध्ये चार बायका, एक मोठं पातेलं आणि हातानं फिरवायची झाकणं. त्या दिवसांची आठवण निघाली की वैजयंतीच्या मनगटात अजून कळ यायची, आणि तरी ते दिवस तिला परत हवे असायचे. सदानंद जाऊन पाच वर्षं झाली होती. आता ती सहासष्ट वर्षांची होती, निम्म्या कारखान्याची मालकीण होती आणि बरण्या बंद करण्याचं खातं अजूनही तिच्याच हातात होतं.

उरलेला निम्मा दिगंबरचा होता. मासळी तोच पाठवायचा; पण तो स्वतः बारा वर्षांत कारखान्याच्या आत आला नव्हता. त्याला येऊ दिलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र त्याला बोलवावंच लागलं. जुनं यंत्र दमलं होतं, नवं घ्यायचं होतं आणि एवढ्या मोठ्या खरेदीला दोन्ही भागीदारांची सही लागत होती.

"या भावोजी. चपला बाहेर काढा, इथे अन्न तयार होतं," वैजयंती खुर्चीवरून न उठता म्हणाली.

"ते अन्न कशाचं होतं ते मला माहीत आहे वहिनी. रोज सकाळी मीच पाठवतो." दिगंबरने चपला काढल्या, पण दाराच्या आत काढल्या.

टेबलावर यंत्रांची दोन माहितीपत्रकं होती. पहिलं यंत्र अहमदाबादचं. मिनिटाला नव्वद बरण्या; झाकण बसवणं, सील करणं आणि लेबल चिकटवणं एकाच रांगेत; लहान-मोठ्या तीन मापांच्या बरण्या चालणार आणि माप बदलायला वीस मिनिटं पुरणार. दिगंबरने ते उचललं, दोन पानं उलटली आणि म्हणाला, "हे घ्या. चांगलं आहे. कुठे सही करू?"

"मला दुसरं हवंय."

"वाटलंच. मी हात लावला ना पहिल्याला."

दुसरं यंत्र पुण्याच्या एका नव्या कंपनीचं होतं आणि त्याची माहिती द्यायला कंपनीची इंजिनिअर नाझनीन होडेकर आली होती. मुलगी मूळची इथलीच, राजिवड्याची. दोघांच्या मधल्या खुर्चीत ती अंग चोरून बसली होती.

"सांग गो बाई यांना," वैजयंती म्हणाली. "सोपं करून सांग."

नाझनीनने एक झाकण उलटं करून दाखवलं. आत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा होता. "हे सील तुमच्याकडे आत्ताही आहे. झाकण लावलेली बरणी एका वेटोळ्याखालून जाते, त्यातल्या चुंबकीय क्षेत्रामुळे हा पत्रा क्षणभर तापतो, त्याच्याखालचा प्लास्टिकचा थर वितळतो आणि बरणीच्या काठाला चिकटतो. आग नाही, हात नाही. आमचं नवीन आहे ते एवढंच, की त्या थराखाली आम्ही आणखी एक पापुद्रा देतो. त्याला कोट्यवधी बारीक छिद्रं आहेत, दोन प्रकारची. एका प्रकारात फक्त हवेतला प्राणवायू अडकतो. दुसऱ्यात मासळी कुजायला लागली की जे वायू सुटतात, ज्यांचा आपल्याला वास येतो, ते अडकतात. कुठल्या छिद्रात कधी काय अडकलं, ते एका केसाएवढ्या तारेतून बाहेरच्या लेबलापर्यंत जातं. लेबलाला बॅटरी लागत नाही, आसपासच्या फोनच्या लहरींवर ते चालतं. त्यावरची तारीख छापलेली नसते. आतली मासळी जशी असेल तशी तारीख स्वतः मागे-पुढे होते."

"आणि बिघडलं तर?" दिगंबरने विचारलं.

"लाल होतं. आणि का बिघडलं तेही सांगतं. समजा, मासळीच शिळी भरली, तर कुजल्याचा वायू पहिल्या दिवसापासून दिसतो आणि हवा दिसत नाही. पण सील सुटलं असेल तर आधी हवा शिरते आणि काही दिवसांनी वास सुरू होतो. क्रमावरून कळतं. आधी हवा, मग वास. किंवा नुसताच वास."

वैजयंती ज्या वाक्यासाठी थांबली होती ते हेच होतं. तिने दिगंबरकडे पाहिलं.

"म्हणजे बरणी चुगली करणार," तो म्हणाला.

"चुगली नव्हे भावोजी. साक्ष."

"साक्षीचं तुम्ही बोलू नका. तुमची एक साक्ष मी बारा वर्षं भोगतोय."

नाझनीनने झाकण हळूच पिशवीत ठेवलं.

*

झालं होतं ते असं. २०२९ साली कोल्हापूरच्या एका श्वानगृहात मयेकरांचं खाद्य खाऊन अकरा कुत्री आजारी पडली आणि त्यातली चार मेली. श्वानगृहाच्या मालकाने त्या चार कुत्र्यांचे फोटो गळ्यात अडकवून कारखान्याच्या फाटकासमोर तीन दिवस ठाण मांडलं. तपासणीला माणसं आली. बरण्या फुगलेल्या होत्या, आत घाण झाली होती. पण घाण बाहेरून शिरली की आतूनच आली हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. मग माणसांना विचारलं. वैजयंतीने लिहून दिलं, की दिगंबरची मासळी रोज बर्फाविना येते, आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

तेवढ्यावर निकाल लागला. दिगंबरचं नाव पेपरात आलं. जेटीवर लोक त्याला 'कुत्रेमाऱ्या' म्हणू लागले. सदानंदने धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. मासळी घ्यायचा तो करार होता म्हणून, पण फाटकावर माणूस बसवून एकेक टोपली वास घेऊन आत सोडली जाई. पुढे सदानंद हॉस्पिटलात असताना दिगंबर तीनदा भेटायला आला, आणि तिन्ही वेळा वैजयंतीने वॉर्डच्या दारात उभं राहून त्याला परत पाठवलं.

बारा वर्षं तिने हा राग देवघरातल्या समईसारखा सांभाळला होता. त्यात रोज तेल घातलं होतं. आता मरायच्या आधी तिला एकदा सिद्ध करून दाखवायचं होतं. म्हणून दुसरं यंत्र.

"चाचणी घ्या," दिगंबर म्हणाला. "मासळी माझी, सील तुमचं. माझी मासळी वाईट निघाली, तर माझा हिस्सा तुमच्या नावावर करतो आणि जेटी सोडतो. लिहून देऊ?"

"लिहूनच द्या."

त्याने तिथल्या तिथे कागदावर लिहिलं, सही केली आणि निघाला. नाझनीन घाईने म्हणाली, "काका, तुमच्या बाजूने काही अट?"

"मला काही नको गो. हिच्याकडून काय घ्यायचं?" वहिनीला 'ही' म्हणण्याची त्याची ती पहिली वेळ. वैजयंतीने तो कागद उचलून खणात टाकला.

*

चाचणी चाळीस बरण्यांची ठरली. सगळ्यांत एकाच दिवशीची दिगंबरची मासळी. वीस बरण्या नाझनीनने आणलेल्या छोट्या यंत्रावर बंद करायच्या, वीस नेहमीच्या रांगेवर, नेहमीच्या बायकांनी, नेहमीच्या पद्धतीने. झाकणांत मात्र सगळीकडे तो नवा पापुद्रा. मग चाळीसही बरण्या नेहमीप्रमाणे वाफेच्या कपाटात निर्जंतुक करून तीन आठवडे उबदार खोलीत ठेवायच्या, म्हणजे सहा महिन्यांत जे व्हायचं ते एकवीस दिवसांत होईल.

नेहमीच्या रांगेवर सुगंधा लांजेकर होती. पत्र्याच्या शेडमधल्या पहिल्या चार बायकांतली ती एकटीच उरली होती. तिच्या डाव्या हाताशी खोबरेल तेलाची वाटी आणि मलमलचा बोळा. बरणी समोर आली की बोळा काठावरून एकदा फिरवायचा आणि बरणी पुढे सरकवायची. हे वैजयंतीनेच शिकवलेलं. वैजयंतीची आई लोणच्याच्या बरणीचं तोंड असंच तेलाने पुसायची, म्हणजे झाकण धरत नाही आणि मुंगी चढत नाही. पहिल्या दिवसांत माशाचा चिकटा वाळून झाकणं जाम व्हायची, गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या. तेव्हा तिने ही युक्ती काढली आणि तक्रारी एका महिन्यात थांबल्या. सदानंदने चार माणसांत तिचं कौतुक केलं होतं.

"मावशी, यांना किती वर्षं झाली इथे?" नाझनीनने वैजयंतीला विचारलं.

"तुझ्या वयाहून जास्त," सुगंधाच म्हणाली. "आणि तुझ्या यंत्राहून माझा हात चांगला. बघशील तू."

नाझनीन हसली. तिचं लक्ष तेव्हा स्वतःच्या यंत्रावर होतं.

बाविसाव्या दिवशी तिने वैजयंतीला एकटीलाच उबदार खोलीत बोलावलं. फळीवर चाळीस बरण्या होत्या. सव्वीस हिरव्या, चौदा लाल. वैजयंतीचा चेहरा खुलला.

"चौदा! पाहिलंस? मी सांगत होते."

"मावशी, लाल सगळ्या तुमच्या रांगेवरच्या आहेत. मासळी चाळीसही बरण्यांत तीच आहे आणि पहिल्या दिवशी ती अगदी ताजी होती. इतकी स्वच्छ मासळी मी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात पाहिली नाही. या चौदांमध्ये पाचव्या-सहाव्या दिवशी हवा शिरली. वास अकराव्या दिवसानंतर."

वैजयंतीने फळीचा काठ धरला. "आमचं यंत्र जुनं झालंय."

"मलाही तेच वाटलं. पण तुमच्या रांगेवरच्या सहा बरण्या चांगल्या आहेत. बंद केल्याची वेळ लेबलावर असते. सहाही अकरा दहा ते अकरा वीसमधल्या. तेव्हा काय वेगळं होतं?"

वैजयंतीला विचार करावा लागला नाही. अकरा दहाला सुगंधा चहाला जाते. तिच्या जागी बसणाऱ्या बाईला तेलाचा हात चिकट लागतो, म्हणून ती बोळा फिरवत नाही. त्यावरून वैजयंतीने तिला तीनदा झापलं होतं.

नाझनीनने एका लाल बरणीचा पत्रा सोलून उजेडात धरला. कडेला एक अर्धगोल डाग होता, पारदर्शक. "मावशी, काठाला काही लावता का? काठ कोरडा लागतो. तेलाचा थर असला तर प्लास्टिक वितळतं, पण काचेला धरत नाही. वरून घट्ट दिसतं, आतून श्वास घेत राहतं. यंत्राच्या पुस्तकात पहिल्याच पानावर असतं हे."

पुस्तक इंग्रजीत होतं. २०२७ साली यंत्र आलं तेव्हा मेकॅनिकने कुठलं बटण कधी दाबायचं तेवढं दाखवलं होतं. हाताच्या झाकणांना जे चाललं ते पत्र्यालाही चालेल, असं वैजयंतीने धरलं होतं. कुणी विचारलं नाही आणि तिला विचारायची सवय नव्हती. माल दोन महिन्यांत खपायचा, म्हणून एरवी काही दिसलं नाही; जास्त दिवस पडून राहिला तो कोल्हापूरचाच.

२०२७ साली पत्र्याचं सील आलं. २०२९ साली कुत्री मेली.

"अहवाल दोघांनाही पाठवायचा आहे," नाझनीन खाली बघत म्हणाली. "तुम्ही यंत्र घेणार असाल तर. नाही घेतलंत तर चाचणी रद्द धरतात आणि नोंदी पुसतात. आमच्या कंपनीचा तसा नियमच आहे. सोमवारपर्यंत सांगा."

*

तो शुक्रवार होता. वैजयंती कारखान्यातून सरळ घरी गेली. शनिवारी दुपारी तिने २०२९ची फाईल काढली. फुगलेल्या बरण्यांचे फोटो होते. लेबलं एका बाजूला घसरलेली, खाली तेलकट ओघळ. तेव्हा तिने लेबल लावणाऱ्या पोरींना दोष दिला होता. त्याच्यामागे तिचा स्वतःच्या अक्षरातला जबाब होता. 'मासळी रोज बर्फाविना येते.' तिने खरं तर एकदाच एक टोपली उघडी पाहिली होती. एकदाच. 'रोज' हा शब्द तिने का लिहिला, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. सदानंद प्रत्येक गोष्ट आधी भावाला विचारायचा आणि मग तिला सांगायचा, हे तिला पंधरा वर्षं सलत होतं.

सुगंधाला तिने सांगितलं. सुगंधाने आधी कपाळावर हात मारला, मग दार लोटून घेतलं.

"वयनी, उद्यापासून तेल बंद. अमदाबादचं यंत्र घ्या. ते कशाला बोलतंय? बरण्या चांगल्या निघतील, कुत्री मरणार नाहीत. मग झालं ना? कुणाचं काय बिघडलं?"

"भावोजींचं."

"त्यांचं काय व्हायचं ते होऊन गेलं. आता कळून त्यांचा काय फायदा? आणि तुमच्या तोंडाला काळं लागेल ते वेगळं. माझ्याही लागेल."

बोलणं शहाणपणाचं होतं. वैजयंतीने रविवारी अहमदाबादच्या पत्रकावर सही केलीसुद्धा. सही केली आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली. दिगंबरची नव्हे. उद्या सकाळी त्याची मासळी फाटकावर येईल, आणि टोपलीचा वास घेणाऱ्या माणसाला आपण पुन्हा तिथे बसवू. सगळं ठाऊक असून बसवू. मागची बारा वर्षं निदान तिला ठाऊक नव्हतं.

तिने पत्रक फाडलं. त्यात मनाचा मोठेपणा नव्हता. दिगंबरबद्दल तिला अजूनही प्रेम नव्हतं. त्याची मान तिरकी धरायची पद्धत, त्याचं बोलणं, सगळं तिला तसंच खुपत होतं. फक्त त्या रागाला आता बसायला जागा उरली नव्हती.

सोमवारी सकाळी दिगंबर आला. या वेळी चपला त्याने बाहेर काढल्या. नाझनीन होती, सुगंधा भिंतीला टेकून उभी होती. वैजयंतीने पाठ केल्यासारखं सांगितलं: मासळी चांगली, सील वाईट, तेल माझं, २०२९ सालीही तेलच, आणि जबाबात 'रोज' लिहिलं ते खोटं.

दिगंबरने अहवाल हातात घेतला, पण वाचला नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तेलाचं नव्हे. मासळीचं. मी टोपलीवर बर्फ स्वतःच्या हाताने टाकायचो वहिनी. बोटं बधिर व्हायची. तुम्ही लिहून दिल्यावर काही दिवस मलाच वाटायला लागलं, की एखाद्या दिवशी टाकला नसेन."

त्याने अहवाल टेबलावर ठेवला.

"दादाला यातलं काही कळलं होतं?"

"नाही. मलाच शुक्रवारी कळलं."

"हॉस्पिटलात त्याने माझ्याबद्दल विचारलं होतं?"

हा प्रश्न वैजयंतीने पाठ केलेल्यात नव्हता. 'नाही' म्हणणं सोपं होतं. यावर कुठलंही लेबल लाल होणार नव्हतं.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा. दिगू आला होता का म्हणून. मी सांगितलं, आला नाही."

दिगंबर उठला. सुगंधा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, इतका त्याचा चेहरा बदलला होता. पण त्याने हात उचलला नाही. तो टेबलाशी वाकला.

"कुठे सही करायची?" त्याने नाझनीनला विचारलं. तिने बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. "हे बोलणारंच घ्या. आणि यांना त्या खात्यात पुन्हा पाऊल ठेवू देऊ नका." मग वैजयंतीकडे न बघता तो म्हणाला, "पेपरात द्यायचं. माझं आलं होतं त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात. आणि कोल्हापूरला तुम्ही स्वतः जायचं."

"जाईन."

"माफी मागू नका. मी देणार नाही."

"मी मागितली नाही भावोजी," ती म्हणाली.

*

यंत्र त्या वर्षाच्या अखेरीस बसलं आणि चौदा वर्षं चाललं. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याची लेबलं कधी सुटली नाहीत. पुढे तसलीच लेबलं माणसांच्या खाण्यावरही आली, आणि किती घरांत, किती हॉटेलांत त्यावरून भांडणं झाली याची गणती कुणी ठेवली नाही.

नाझनीन होडेकर दोन वर्षांनी त्या कंपनीतून बाहेर पडली. गिऱ्हाईक नको म्हणालं की नोंदी पुसायच्या, या नियमावरून तिचं वरच्यांशी बिनसलं. नंतर ती राजिवड्याला परत आली आणि यंत्रांची पुस्तकं मराठीत लिहून द्यायचं काम करू लागली. कोकणातल्या बऱ्याच कारखान्यांत तिची पुस्तकं आहेत.

सुगंधाने नव्या यंत्रावर सहा महिने काढले. हाताला काम नाही म्हणून ती कंटाळली आणि घरी बसली. आपलं तेल चांगलंच होतं, पत्रा वाईट होता, असं ती २०४८ साली जाईपर्यंत सांगत राहिली.

कोल्हापूरच्या श्वानगृहाच्या मालकाने वैजयंतीला अंगणात उभं ठेवून सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. ती बसस्टँडपर्यंत चालत आली.

दिगंबर कारखान्याच्या आत बसू लागला. जेटीवर आता त्याला कुणी ते नाव घेऊन हाक मारत नसे, पण त्याचा स्वभाव सुधारला नाही. उलट जास्तच कडवट झाला. २०४४ साली सलग तीन दिवस त्याच्याच बोटीची मासळी लेबलाने शिळी ठरवली, तेव्हा त्याने ती सगळी स्वतःच्या हाताने परत फेकली आणि खलाशांना कामावरून काढलं.

वैजयंती घरीच असे. निम्मा हिस्सा तिचा होताच, त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये दिगंबरला कागदांवर तिची सही घ्यायला जावं लागे. ती दारातली खुर्ची पुसून पुढे करी, पाण्याचा तांब्या ठेवी. तो उंबऱ्याबाहेर उभा राही, कागद पुढे करी, सही झाली की जाई. अकरा वर्षं असंच चाललं. बाराव्या वर्षी त्याचे गुडघे गेले होते, आणि घाटी चढून येताना त्याला दम लागला होता. त्या वर्षी तो खुर्चीत बसला. तिने सही केली, त्याने कागद घडी करून खिशात ठेवले, आणि दोघं बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली.

पाणी मात्र त्याने घेतलं नाही.